गुडघा बदलून चौदा महिने झाले, एक्स-रे चांगला आहे, तरी आईचं दुखणं का थांबत नाही?

डिचोलीची_लेक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच.

माझी आई ६८ वर्षांची. डावा गुडघा इतका झिजला होता की सोप्यावरून अंगणात उतरायलासुद्धा कुणाचा तरी हात धरावा लागायचा. गेल्या वर्षी मे महिन्यात तो बदलून घेतला. ऑपरेशन नीट पार पडलं, टाके वेळेवर निघाले, सहाव्या आठवड्यात काठी घेऊन चालायला लागली. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

पूर्वीचं ते हाडावर हाड घासल्यासारखं दुखणं गेलं, हे आई स्वतःच सांगते. पण त्या जागी दुसरंच दुखणं येऊन बसलंय. रात्री जास्त. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला आग होते, चुरचुरतं, लुगड्याचा काठ घासला तरी दचकते. झोपताना पांघरूण दुमडून मांडीपर्यंतच घेते आणि तेवढा गुडघा उघडा ठेवते, आता या पावसातल्या गारठ्यातसुद्धा.

ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे तीनदा जाऊन आलो. दर वेळी एक्स-रे बघतात आणि सांगतात, सांधा उत्तम बसलाय, वय झालंय, थोडं दुखणारच. तिसऱ्या वेळी आई गाडीत बसून रडली. म्हणाली, "एक्स-रे बरा आहे म्हणजे मी खोटं बोलते असं झालं ना गो?"

कुणाच्या घरी असं झालंय का? तुम्ही पुढे काय केलंत? आणि दुसरं म्हणजे, तिचा उजवा गुडघाही झिजलेला आहे. तो बदलायचा की नाही, हे घरात कुणाला ठरवता येत नाही.

म्हापसेकर_वहिनी

माझे दोन्ही गुडघे २०१९ मध्ये बदलले. आज मी बाजारातून दोन पिशव्या घेऊन घरी येते, जत्रेला रांगेत तासभर उभी राहते. ऑपरेशनआधी न्हाणीघरापर्यंत जाताना भिंत धरावी लागायची. त्यामुळे हा धागा वाचून कुणी घाबरून ऑपरेशन टाळू नये, म्हणून आधी हे लिहिते.

सूज आणि ताठरपणा मला जवळजवळ वर्षभर होता. धीर धरा. आणि विचारते म्हणून रागावू नका, व्यायाम कमी पडला असेल का? आमच्या वॉर्डातल्या एकीने घरी गेल्यावर व्यायाम सोडला, तिचा गुडघा शेवटपर्यंत नीट वाकलाच नाही.

पेडणेकर_७१

मी पहिल्यापासून सांगतो, देवाने दिलेला सांधा कापू नये. माझे गुडघे पंधरा वर्षं दुखतायत. वजन नऊ किलो कमी केलं, रोज चालतो, काठी वापरतो. चाललंय.

डिचोलीची_लेक

वहिनी, राग कसला. पण व्यायामाचं सांगते. आईने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला रकाने आखले होते. सकाळ, दुपार, संध्याकाळ. प्रत्येक वेळी पेन्सिलीने टिंब. सात महिन्यांत मोजून चार टिंबं चुकली, ती माझ्या भाचीच्या बारशाच्या दिवसांतली. गुडघा ११० अंशांपर्यंत वाकतो, सरळ पूर्ण होतो. व्यायामाला ती कमी पडलेली नाही.

म्हापसेकर_वहिनी

मग मी माझे शब्द मागे घेते. आईंना माझा नमस्कार सांगा. इतकं मी केलं नव्हतं.

निवृत्त_मास्तर_फोंडा

ताई, आईंना पहिली गोष्ट सांगा की त्या एकट्या नाहीत. माझ्या पत्नीच्या वेळी मी यावर बरंच वाचलं होतं. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुडघा बदललेल्यांपैकी १० ते ३४ टक्के लोकांना दीर्घकाळ त्रासदायक दुखणं राहिल्याचं दिसलं. ढोबळमानाने पाचातला एक धरा. पाचातले चार सुखी होतात म्हणून ऑपरेशन चांगलंच आहे, वहिनी म्हणतात ते खरं. पण उरलेला पाचवा खोटा नसतो.

दुसरी गोष्ट, एक्स-रे काय दाखवतो आणि काय दाखवत नाही. हाडात धातू पक्का बसलाय का, रेषेत आहे का, सैल झालाय का, हे त्यात कळतं. नस दिसत नाही. सांध्याच्या आजूबाजूच्या मऊ भागाबद्दल फारसं कळत नाही. सांधा जरासा वळून बसला असेल तर तेही साध्या एक्स-रेत नीट कळत नाही, त्याला सीटी स्कॅन लागतो. तेव्हा "एक्स-रे चांगला" याचा अर्थ "एक्स-रेत दिसणारं कारण नाही" एवढाच घ्यायचा. त्यापुढचा शोध तिथून सुरू व्हायला हवा.

ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या पुढाकाराने 'स्टार' नावाची एक चाचणी झाली, ३६३ रुग्णांवर, निष्कर्ष २०२२ मध्ये आले. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी ज्यांना अजून बरंच दुखत होतं त्यांना त्यांनी शोधून काढलं. त्यातल्या एका गटाला प्रशिक्षित माणसाने बोलावून तासभर नीट तपासलं, कारण शोधून योग्य डॉक्टरकडे पाठवलं आणि पुढे वर्षभर अधूनमधून फोन करून विचारपूस केली. वर्षाअखेर त्या गटाचं दुखणं दुसऱ्या गटापेक्षा कमी होतं. फरक फार मोठा नव्हता, पण होता. मला त्यातलं महत्त्वाचं वाटलं ते हे, की तिथे तीन महिन्यांनी विचारलं. आपल्याकडे टाके निघाले की कुणी विचारत नाही.

वाळपईचा_भाचा

मास्तरांनी लिहिलंय त्याला माझा अनुभव जोडतो. थोडा भीतीदायक आहे, पण लिहायलाच हवा.

मामीचा गुडघा बदलला. पहिले सात-आठ महिने छान. मग हळूहळू दुखायला लागलं. गुडघा हाताला कोमट लागायचा, संध्याकाळी फुगायचा. आम्ही म्हणालो चवथीची दगदग झाली असेल. डॉक्टरही म्हणाले, आराम करा. मध्ये एकाने रक्ततपासणी न करताच अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, त्याने चार दिवस बरं वाटलं आणि परत तेच. शेवटी दुसऱ्या ठिकाणी नेलं तेव्हा त्यांनी रक्तातलं ईएसआर आणि सीआरपी (आत सूज किंवा संसर्ग आहे का ते सुचवणाऱ्या चाचण्या) बघितलं, सुईने सांध्यातलं पाणी काढून तपासलं. आत जंतुसंसर्ग होता. आधीच्या गोळ्यांमुळे तो लपून राहिला आणि जंतू सापडायलाही उशीर झाला, असं त्या डॉक्टरांनी सांगितलं. मग दोन ऑपरेशनं. आधी तो सांधा काढून औषध भरलेलं सिमेंट ठेवलं, काही आठवड्यांनी नवा सांधा. मामी आज वॉकरवर चालते. घरात, परसात.

ताई, तुमच्या आईचं वेगळं वाटतंय, पण ही तपासणी आधी करून घ्या. आणि तपासणी होईपर्यंत कुणी अँटिबायोटिक दिलं तर "आधी पाणी तपासू या का?" एवढं विचारा.

डिचोलीची_लेक

रक्ततपासणी ऑपरेशनच्या आधी झाली होती. नंतर एकदाही नाही. उद्याच बघते.

सावर्डेकर

आमच्या घरची गोष्ट थोडक्यात. बाबांचा उजवा गुडघा बदलला, दुखणं तसंच. वर्षभराने एका डॉक्टरांनी त्यांना झोपवलं, पाय वाकवून खुब्यातून आतल्या बाजूला फिरवला आणि बाबा ओरडले, "हेच ते दुखणं!" झीज खुब्याचीही होती आणि तिथलं दुखणं गुडघ्यात उतरत होतं. कंबरेचंही तसंच होतं म्हणतात. आईंची कंबर आणि खुबा कुणी तपासलाय का?

कुडचडे_काकी

माझी जाऊ एक तेल आणते, कोकणातल्या वैद्यांकडचं. रोज रात्री गरम करून जोरात चोळायचं आणि वर रुईचं पान बांधायचं. तिच्या गुडघ्याला फार गुण आला.

फिजिओ_मडगाव

काकी, तुमच्या जाऊबाईंचा गुडघा स्वतःचा आहे का बदललेला? बदललेल्या, त्यातही आग होणाऱ्या गुडघ्यावर गरम तेलाने जोरात चोळू नका. काही जणांना तिथली कातडी बधिर असते, चटका बसला तरी कळत नाही. रुईच्या चिकाने फोड येतात, तो त्रास मी पाहिलाय.

मूळ प्रश्नाबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहिते, आत्ता ओपीडी आहे.

कुडचडे_काकी

तिचा स्वतःचाच आहे. बरं झालं सांगितलंत, माझी बहीण बदललेल्या गुडघ्याला हेच लावणार होती. आत्ताच फोन करते तिला.

साखळीचा_नातू

जरा वेगळं विचारतो. आजीचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. खाली बसता येणार नाही म्हणून तिला सगळ्यात मोठं दुःख आदोळीचं (खाली बसून वापरायच्या विळीचं) आहे. साठ वर्षं आदोळीवर बसून नारळ खवला, मासे कापले. फिजिओच्या बाईंना तिने तोंडावर सांगितलं, "तू मला चालायला शिकवू नकोस, तेवढं आदोळीवर बसायला शिकव." त्या बाईही हसल्या आणि आजीही. काय करावं?

म्हापसेकर_वहिनी

बाजारात टेबलाच्या कडेला घट्ट बसवायची खवणी मिळते, ती घे. भाजी-मासे ओट्यावर सुरीने. सुरुवातीला हात चालत नाही, महिन्याभरात सवय होते. पाटावर जेवायला बसणं मात्र विसरायचं. आमच्या घरी चवथीच्या दिवशी सगळी पंगत खाली आणि मी एकटी खुर्चीवर, पहिल्या वर्षी डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या वर्षी माझ्या धाकट्या दिराने सगळ्यांची पानं टेबलावर मांडली. न विचारता.

निवृत्त_मास्तर_फोंडा

हे वाचून बरं वाटलं वहिनी. आमच्याकडेही आरतीला पत्नी खुर्चीवर बसते, आता भटजीसुद्धा स्टुलावर बसतात.

शिरोड्याची_माई

खर्चाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सरकारने २०१७ च्या ऑगस्टमध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची मर्यादा ५४,७२० रुपये ठरली होती. त्याआधी लाख-दीड लाख नुसत्या सांध्याचे लागायचे. पण हॉस्पिटलचं बिल म्हणजे नुसता सांधा नव्हे. बिल मागून घ्या, त्यावर सांध्याची कंपनी आणि नंबर असलेलं स्टिकर असतं, ते जपून ठेवा. पुढे काही करायची वेळ आली तर दुसऱ्या डॉक्टरांना आत कोणता सांधा आहे ते कळावं लागतं. आमचं स्टिकर हरवलं आणि नवीन डॉक्टरांना फार शोधाशोध करावी लागली.

फिजिओ_मडगाव

ताई, तुमची पहिली पोस्ट मी दोनदा वाचली. सगळे संसर्ग, खुबा, कंबर म्हणतायत ते बरोबर आहे, तपासायलाच हवं. पण तुम्ही एक गोष्ट सहज लिहून गेलात, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. *लुगड्याचा काठ घासला तरी दचकते, पांघरूण सहन होत नाही.*

सांधा सैल झाला असेल तर पायावर भार टाकल्यावर दुखतं. खुर्चीतून उठताना, पहिली चार पावलं. गुडघ्याच्या वाटीचं दुखणं पायऱ्या उतरताना आणि उठताना समोरच्या बाजूला जाणवतं. कापडाच्या नुसत्या स्पर्शाने आग होणं यातल्या कशातच बसत नाही. ते नसांचं दुखणं असू शकतं.

पायाच्या आतल्या बाजूने एक नस खाली येते. तिची एक बारीक फांदी गुडघ्याच्या वाटीखालून आडवी बाहेरच्या अंगाला जाते. गुडघ्यावर मधोमध उभा छेद घेतला की ही फांदी बऱ्याचदा कापली जाते, ते टाळणं अवघड असतं. त्यामुळे व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर लागणं अगदी नेहमीचं आहे आणि बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. काही जणांना मात्र तिथेच आग, चुरचुर, विजेसारखी कळ येते. शिवाय वर्षानुवर्षं दुखत आलेल्या माणसाच्या मज्जासंस्थेला दुखण्याची सवयच लागते. मूळ कारण काढून टाकलं तरी मेंदूकडे जाणारा निरोप मोठ्याच आवाजात जात राहतो. हे दुखणं मनाचं नाही, शरीरातच घडत असतं.

घरी एक करून बघा. आईंना डोळे मिटायला सांगा. कापसाचा बोळा आधी उजव्या गुडघ्यावरून हलका फिरवा, मग डाव्यावरून, व्रणाच्या आत आणि बाहेर. कुठे बधिर लागतं, कुठे झोंबतं, ते पेनाने कातडीवर आखा आणि फोटो काढा. डॉक्टरांपुढे तो फोटो ठेवा. "दुखतं" एवढंच सांगण्यापेक्षा त्याने काम लवकर होतं.

नसांच्या दुखण्याच्या गोळ्या वेगळ्या असतात, नेहमीच्या पेनकिलरने ते शमत नाही. ती पेनकिलर महिनोन्‌महिने घेतली तर या वयात किडनीला धोका. आई कोणती घेतात?

डिचोलीची_लेक

देव बरें करूं. हे वाचून मी आत जाऊन आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, नुसता गुडघ्यावर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "परत एकदा वाच ते नसेचं."

पेनकिलर ती रोज दोन घेते, दुकानातून आणून. आता थांबवते, डॉक्टरांना विचारून.

पेडणेकर_७१

फिजिओताई, माझाही एक प्रश्न. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची ना?

फिजिओ_मडगाव

नाही काका, उलट हातात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

पेडणेकर_७१

पंधरा वर्षं चुकीच्या हातात धरत होतो. आज बदलून बघितलं, खरोखर हलकं वाटतं. आभार.

वाळपईचा_भाचा

ताई, महिना होऊन गेला. आई कशा आहेत? मामी रोज विचारते, "त्या डिचोलीच्या बाईंचं काय झालं?"

डिचोलीची_लेक

उशीर झाला, क्षमस्व. सविस्तर सांगते.

आधी रक्त तपासलं. ईएसआर, सीआरपी दोन्ही ठीक. मग सगळे कागद, बिलावरचं ते स्टिकर (सापडलं, माई!) आणि कापसाच्या बोळ्याचा फोटो घेऊन सांध्यांच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आईला चालवून पाहिलं, खुबा फिरवला, कंबर तपासली, गुडघा दोन्ही बाजूंना हलवून पाहिला. एक्स-रे सगळ्यात शेवटी बघितला. फोटोतली पेनाची रेघ बघून त्यांनी स्वतः कापूस मागवला आणि पुन्हा तेच केलं. रेघ जवळजवळ तिथेच आली. सांध्यात काही दोष दिसत नाही, दुखणं नसेचं आहे, असं त्यांचं मत पडलं. तिथून त्यांनी वेदनाउपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते मूळचे भूलतज्ज्ञ आहेत, हे मला नवीन होतं.

रात्रीची एक गोळी चालू झाली, अगदी कमी मात्रेपासून. पहिले चार दिवस गरगरलं, म्हणून ती रात्री उठली तर आधाराला मी तिच्याजवळच झोपायचे. आता गरगरणं गेलं. शिवाय दिवसातून तीनदा वेगवेगळ्या कापडांनी ती जागा हळूहळू चोळायची. आधी रेशमी, मग सुती, मग टॉवेल. आईने त्यासाठी तिच्या जुन्या पैठणीचा पदर कापला. आम्ही नको म्हणत होतो.

दुखणं गेलेलं नाही. दहापैकी आठ होतं, आता पाच म्हणते, पाऊस जोरात असला की सहा. पण परवा पहाटे मी उठले तर पांघरूण तिच्या पावलांपर्यंत होतं आणि ती गाढ झोपली होती. मी दारातच उभी राहिले बराच वेळ.

म्हापसेकर_वहिनी

ताई, वाचता वाचता रडले.

निवृत्त_मास्तर_फोंडा

पाच हाही मोठा फरक आहे. आठवर माणसाला झोप लागत नाही, पाचवर लागते. आणि उजव्या गुडघ्याचं काय ठरलं?

डिचोलीची_लेक

मास्तर, ते डॉक्टरांना विचारलंच. त्यांनी उजव्याचा एक्स-रे बघितला. झीज आहे, पण डाव्याइतकी कधीच नव्हती. उजवा गुडघा रात्री झोपेतून उठवतो का, किती चालल्यावर थांबावं लागतं, ते आईला विचारलं. ती म्हणाली, झोपेतून उठवत नाही, देवळापर्यंत जाऊन येते. झीज कमी असताना सांधा बदलला तर समाधान न मिळण्याची शक्यता जास्त असते, असं त्यांनी सांगितलं. आधी डाव्याचं दुखणं आटोक्यात येऊ दे, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम चालू ठेवा, काठी वापरा, सहा महिन्यांनी बघू. पुढे कधी करायची वेळ आलीच तर भूल देणाऱ्यांना आणि सर्जनना हा सगळा इतिहास आधी सांगायचा, म्हणजे दुखण्याची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवता येते. आई लगेच हो म्हणाली. तिला उजव्याची घाई कधीच नव्हती, आम्हालाच होती.

आणि पहिल्या डॉक्टरांकडेही मी जाऊन आले, एकटीच. भांडायला नव्हे. नवीन कागद दाखवले आणि सांगितलं की आई खोटं बोलत नव्हती. त्यांनी शांतपणे वाचलं आणि कागदांची झेरॉक्स ठेवून घेतली.

साखळीचा_नातू

आजीचं ऑपरेशन परवा झालं. ती ठीक आहे. तीन महिन्यांनंतरची तारीख मी आत्ताच मोबाईलमध्ये टाकून ठेवली आहे, "आजीला नीट विचारायचं" म्हणून. आणि कापसाचंही लिहून ठेवलंय.

वहिनी, टेबलाची खवणी आणली, पण आमचं टेबल हलतं.

डिचोलीची_लेक

आमचंही हलायचं. शेजारच्या मेस्तांनी फणसाच्या जुन्या फळीचा जड बाक करून दिला, आदोळी त्याच्यावरच ठोकून बसवली. समोर १८ इंचांचं स्टूल. आई त्यावर डावा पाय थोडा पुढे सोडून बसते. काल चवथीच्या नेवऱ्यांसाठी पाच नारळ खवले तिने. माप हवं असेल तर बाकाचा फोटो टाकते.

साखळीचा_नातू

टाका ना ताई. उंची जमिनीपासून मोजून लिहा.